नागलीच्या राखेचा रंग

हेमंत सरांचा फोटो पेपरात आला त्या दिवशी गोदीच्या अंगाची लाही लाही झाली. सरांच्या हातात तिची बरणी, आणि खाली मजकूर: खोडाळ्याच्या मातीकाम केंद्रातल्या शिक्षकाने नागलीच्या राखेतून शेवाळी झिलई शोधून काढली. शोधून काढली म्हणे. या माणसाने उभ्या जन्मात मूठभर राख चाळली नव्हती.

सूर्यमाळच्या पाड्यावरून रोज जीपने येणाऱ्या गोदीने दोन वर्षं नागलीचं काड जाळलं, राख धुतली, चाळली, मातीत कालवून भांड्यांना लावली. कधी रंग काळा पडला, कधी फोड आले. एकदाचा तो हिरवा उतरला तेव्हा ती भट्टीपाशीच बसून रडली होती.

"सर, पेपरात माझा नाव का नाय?" तिने जाऊन विचारलं.

"अगं, केंद्राचं काम म्हणजे सगळ्यांचंच," सर हसले. "आणि तुझं नाव वाचून इथे कोण येणार आहे?"

ते हसणं तिच्या डोक्यात गेलं ते गेलंच.

ती बातमी वाचून पंधरा दिवसांनी मुंबईहून चंद्रकलाबाई यायच्या होत्या. त्यांचेही हात तीस वर्षं मातीत. हा रंग करणाऱ्याला त्या आपल्या कार्यशाळेत शिकवायला नेणार होत्या. भट्टी त्यांच्यासमोरच उघडायची, असं सरांनी मोठ्या हौसेने ठरवलं. भरायची अर्थात गोदीने.

झिलईत बुडवलेल्या भांड्याचं बूड ओल्या स्पंजने पुसावं लागतं. नाहीतर बुडाची झिलई भट्टीत काचेसारखी वितळते आणि भांडं भट्टीतल्या फरशीला कायमचं धरून बसतं. काम इतकं किरकोळ की सरांनी ते कधी पाहिलंही नव्हतं. गोदीने साठ बरण्या भरल्या आणि एकीचंही बूड पुसलं नाही. तिची सगळ्यांत देखणी, दोन कानांची बरणी ठेवताना हात अडखळला, पण तीही तिने तशीच ठेवली.

दार उघडलं तेव्हा रंग असा उतरला होता की बाई बघतच राहिल्या. सरांनी ऐटीत पुढची बरणी उचलायला घेतली. हलेना. दुसरीही हलेना. तिसरीला जोर लावला तशी तिची मान तुटून हातात आली.

बाईंनी वाकून पाहिलं. "बुडं कोणी पुसली?"

"काय पुसली?" सर म्हणाले.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "हा रंग तुम्ही केलेला नाही. कोणी केला?"

"मी," गोदी म्हणाली. "बुडं पन मीच नाय पुसली. मुद्दाम."

"मग तुलाही मी नेणार नाही," बाई म्हणाल्या. "स्वतःच्या साठ बरण्या मारल्यास तू."

"नका नेऊ. कोनी केला ता तुमाला कळला ना, बास."

कार्यशाळा हातची गेली याचं गोदीला पुढे कैक वर्षं वाईट वाटलं. त्या दिवशी मात्र ती सरांच्या उतरलेल्या तोंडाकडे मन भरेस्तोवर बघत उभी राहिली, आणि जीप सुटायची वेळ झाली तरी तिचा पाय तिथून निघेना.