जांभळाची जुनी ब्रँडी

भिसेगावच्या कोंडाजी भंडाऱ्याच्या परवान्याच्या भट्टीत जांभळाची ब्रँडी निघे. आषाढात गाळायची, फणसाच्या लाकडाच्या पिंपात भरायची आणि बारा वर्षे बुचाला हात लावायचा नाही, हा त्या घराचा नेम. दर वर्षी पिंपातली पातळी थोडी उतरे. "पिंपही पितं," असे कोंडाजी कौतुकाने सांगे. त्याच्या मुलाला, येसाजीला, त्यात कौतुक दिसत नसे. लाकडाच्या छिद्रांतून अर्क उडून जातो, एवढाच त्याचा अर्थ. मात्र शेवटी जे उरे ते मधाच्या रंगाचे आणि निर्दोष असे, याविषयी बापलेकांत दुमत नव्हते.

एकोणीसशे अठराच्या दसऱ्याच्या सुमारास मुंबईचा ताप रेल्वेने कर्जतला आला. घाट चढण्यासाठी जादा इंजिन जोडेपर्यंत गाड्या तिथे थांबत, आणि तापाला उतरायला तेवढा वेळ पुरेसा होता. जो तो एकच उपाय सांगे: कोंडाजीची जुनी ब्रँडी. वाटी, तांब्या, हाती लागेल ते घेऊन लोक दारात उभे राहिले. येसाजी तोटी सोडून मापून देत होता आणि पाहत होता. ज्यांनी घेतली ते मेले, ज्यांना मिळाली नाही तेही मेले; वाचलेल्यांतही दोन्ही प्रकारचे होते. ओठ निळे पडलेल्यांना ती पाजली की ते शांत होत, आणि घरचे त्यालाच उतार समजत. हे त्याने बापाला सांगितले.

"डोकं फिरलंय तुझं," कोंडाजी म्हणाला. "माझ्या बापानं पटकीत माणसं उठवलीत हिच्यावर."

"जी उठायची तीच उठली असतील, आबा."

"मग जा, दारात उभा राहून सांग की!"

येसाजीने सांगितले नाही. दुसरे काही द्यायला त्याच्याकडे नव्हते. तोटी चालूच राहिली.

मग त्याच्या बायकोला, सुंदराला, ताप भरला. त्याने तिला पेज दिली, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. ब्रँडी दिली नाही. तिच्या नखांवर निळसर छटा आली तेव्हा तिनेच विचारले, "साऱ्या गावाला पाजलीत. मलाच का नाय?"

"त्यानं काय होत नाय गं."

तिला धाप लागली होती. धाप ओसरेपर्यंत ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"मंग गावाला का दिलीत?"

तो उठला आणि चमचाभर घेऊन आला. गिळण्याची ताकद तिच्यात उरली नव्हती. ब्रँडी ओठांच्या कडेने ओघळून उशीत मुरली, आणि खोलीभर जांभळाचा वास पसरला. दुपारपर्यंत सुंदरा गेली. वास राहिला.

"उशीर केलास, येसा," कोंडाजी म्हणाला. रागाने बोलला असता तर बरे झाले असते. वेळेवर देऊनही ती वाचली नसती, याची येसाजीला खात्री होती. पण ती खात्री ज्याला सांगावी असे माणूस घरात उरले नव्हते.

स्मशानातून तो परतला तेव्हा ओट्यावर पोशा बसला होता. डोंगराखालच्या वाडीतला, भट्टीला जांभळे तोच आणून देई.

"शेट, माजी पोर ठकी उठत नाय. वाईच द्या."

"पोशा, माझी बायको गेली रं आज. हिचा उपयोग नाय. खरं सांगतो."

पोशाने दाराकडे मान वळवून हुंगले. "वास तर येतोय, शेट. द्यायची नाय तर नाय म्हणा. मेलेल्या बाईवर कशाला घालता?"

तो जागचा हलला नाही. दोन्ही हातांनी त्याने भोपळ्याचा रिकामा तुंबा पुढे धरला. येसाजीने आत जाऊन तोटी सोडली. पिंपात आता फार उरले नव्हते. धार बारीक होती, पण स्वच्छ.

तुंबा हाती येताच पोशाच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग परतला.

"किती पाजू, शेट?"

येसाजीने तुंब्याच्या तोंडाला बूच लावले.

"एक चमचा," तो म्हणाला. "कोमट पाण्यात. आणि पळ. उशीर करू नकोस."