देव बाई असता तर

लीलाबाईनं पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "देव बाप्याच हाय. बाई असता तर असं होऊ दिलं असतं का?"

मी कणकेचा गोळा परातीत आपटला. म्हणलं, "गप बस गं. सकाळी सकाळी डोकं नको खाऊ."

आता हिची गंमत बघा. बारा वर्षं ही बाई माझ्या खानावळीत पोळ्या लाटती, आणि बारा वर्षं तिचं एकच पालुपद होतं, देव म्हणजे बाई. एवढं जग जन्माला घातलंय म्हणल्यावर बाईच असणार, बाप्याला कुठं कळा सोसायला जमतंय! त्यावर ताहेरा भाजी चिरता चिरता कानाला हात लावायची. "तोबा! अल्ला ना मर्द हाय ना औरत. तो कुणाच्या पोटातून आला नाय, त्याच्या पोटातून कुणी आलं नाय." मग दोघी माझ्याकडं बघायच्या, जशी मीच पंच. मी म्हणायची, "आमच्यात देवच नाय, म्हणून बाई का बाप्या हा ताप पण नाय. चला, डबे भरा, पहिल्या पाळीची बस निघंल." बजाजनगरातल्या त्या पत्र्याच्या खोलीत लई हसलोय आम्ही तिघी. एकदा एका गिऱ्हाइकानं खोदून खोदून विचारलं, पोळ्या कोण करतं, भाजी कोण करतं. मी म्हणलं, "हातानं करतो बाबा, पायानं नाय करत. पटत असलं तर खा." गुमान खायला लागला.

पण माझी विशाखा गेली आणि लीलाबाईचा देव बाप्या झाला.

विशाखा माझी एकुलती एक पोर. तिचा बाप कडुबा ती सहावीत असताना गेला, तवापासून मी आणि ती. चौदा महिन्यांमागं पैठणला, सासरी, ती मेली. नवरा अतुल म्हणाला, जिन्यावरून पडली. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, गळ्यावर बोटांच्या खुणा हायेत. तो आत गेला, केस उभी राहिली, आणि येत्या सोमवारी माझी साक्ष होती.

सरकारी वकील म्हणजे एक तरणी बाई. मला समोर बसवून म्हणाली, "मावशी, तो म्हणणार, आमचं छान चाललं होतं. आधीपासून मारत होता हे दाखवायला पाहिजे. लग्नानंतर तिच्या अंगावर मार कुणी डोळ्यांनी बघितलाय का? नसंल तर तो सुटू शकतो." मी म्हणलं, "फोनवर रडायची." ती म्हणाली, "तेवढ्यानं भागायचं नाय."

बघितला होता. मी बघितला होता, लीलानं, ताहेरानं बघितला होता. पण पोलिसांना दिलेल्या जबाबात मी ते सांगितलं नव्हतं. का, ते सांगते.

अतुल आधी माझं गिऱ्हाईक होता. वाळूजला कंपनीत कामाला, एकटा पोरगा, दोन वेळचा डबा. शंभर-सव्वाशे डबे जायचे माझे, आणि परत कसे यायचे ते मला विचारा. वाळलेली भाजी चिकटलेली, कुणी त्यात बिडीची थोटकं टाकलेली. अतुलचा डबा तेवढा रोज घासून, धुऊन, पालथा घालून निथळून यायचा. मी मनात म्हणलं, याला आईनं वळण लावलंय. जो आपलं खरकटं बाईवर टाकत नाय, तो माझ्या पोरीला फुलागत जपंल. खानावळवालीचं डोकं ते! माणूस ओळखायचा तर डब्यावरनं ओळखायचा. मीच लग्न जमवलं. विहारात लावलं, हुंडा नाय, मानपान नाय. अख्खं बजाजनगर म्हणत होतं, केसरबाईनं जावई पारखून घेतला. मला काय गुदगुल्या व्हायच्या ते ऐकून!

मग त्यानं कंपनी सोडली, तिला घेऊन पैठणला गेला. आणि एका मंगळवारी दुपारी विशाखा एसटीनं एकटीच आली. बुधवारी सकाळी आमच्यात बसून पोळ्या लाटत होती. बाही वर सरकली. दंडावर हे काळेनिळे वळ. लीलाच्या हातातलं लाटणं थांबलं. ताहेरानं तोंडाला पदर लावला.

विशाखा म्हणाली, "आई, तो घरात पण सगळं घासून-पुसून ठेवतो. ओट्यावर एक डाग दिसला की मारतो."

मी काय म्हणलं असंल? पोरीला जवळ घेतलं असंल, असं वाटतंय ना तुम्हाला? मी म्हणलं, "मग डाग पडू देऊ नको." हे माझ्याच तोंडातून निघालं. वर म्हणलं, थोडंफार सगळ्यांच्या घरात होतं, जरा दमानं घे. ताहेरा म्हणाली, "आपा, दोन-चार दिवस ठेवून घे पोरीला." मी तिच्यावरच खेकसले. खरं कारण एवढंच, की मी चुकले हे मला कबूल करायचं नव्हतं. ज्या बाया जावयाचं कौतुक करत होत्या, त्याच उद्या दारात येऊन च्यक् च्यक् करतील, हे माझ्या मनात. गुरुवारी मी तिला पैठणच्या गाडीत बसवून दिलं. पुढच्या बुधवारी फोन आला.

तर साक्षीच्या आधीच्या त्या शनिवारी लीलाबाईनं परत तोच विषय काढला. मी गप बस म्हणलं तरी बसंल ती कसली.

ताहेरा हळूच म्हणाली, "असं नको बोलू लीलाबाई. अल्ला इम्तिहान घेतो."

माझं टाळकंच सरकलं. "कुणाचं इम्तिहान? माझं ना? मग पेपर माझ्या पोरीला का सोडवायला लावला? माझंच घ्यायचं होतं. नापास झाले असते तर मी झाले असते."

ताहेराचे डोळे भरले. मी थांबले नाय. जिभेला हाडच राहिलं नव्हतं माझ्या. "तुमचं बरंय गं. तुम्हाला भांडायला कुणीतरी हाय. ही लीला रोज देवीपुढं उभी राहून तिची खरडपट्टी काढती, मोकळी होती. तू नमाजीत रडती. मी कुणापुढं रडू? पुण्यानुमोदनाला भंतेजी म्हणाले, सगळं अनित्य हाय. हाय ना, मला मान्य हाय. पण गळ्यावरची बोटं? ती पण अनित्यच का? जगात एवढा वाईटपणा कशापायी हाय, हे विचारायला मला कुणी नाय. बोटं मोडायची तर कुणाच्या नावानं मोडू?"

"म्हणून तर म्हणते," लीला पदरानं नाक पुसत म्हणाली, "तो बाप्याच हाय मेला. बाईच्या पोटात माया असती. बाई असता तर दारात आलेल्या पोरीला परत लावलीच नसती."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, कुणी उलटली नाय.

मी म्हणलं, "मग मी कोण हाय गं, लीला? मी बाप्या हाय का?"

"केसर, मी तुला नाय गं म्हणलं..."

"नाय कसं? मी बाई. मी आई. माझ्याच दारात आली होती, आणि मीच परत लावली. बारा वर्षं भांडतोय आपण, देव बाई का बाप्या, आणि दोन्ही असून काय झालं? त्यानं मारलं आणि मी धाडून दिलं. त्याला देव कशाला पाहिजे?"

असं म्हणलं आणि मी खालीच बसले. चौदा महिने मला नीट रडता आलं नव्हतं, ते त्या पिठाच्या डब्याला टेकून रडले. लीला पाठीवरून हात फिरवत होती, म्हणत होती, माझ्या तोंडाला आग लागो, आग लागो.

ताहेरा जागची हलली नव्हती. चिरायचा कांदा तसाच हातात. म्हणाली, "आपा, मला पण एक बोलायचंय. तू मारलंस तरी चालंल."

"काय?"

"त्या बुधवारी संध्याकाळी ती माझ्या घरी आली होती. म्हणाली, खाला, आई ठेवून घेत नाय. तुमच्याकडं राहू का आठ दिवस?"

मी डब्याला धरून उभी राहिले. ताहेरा बोलतच होती.

"मी म्हणलं, बेटा, दिवस कसे हायेत बघतीस ना. लग्न झालेली पोरगी मुसलमानाच्या घरात लपवून ठेवली म्हणून उद्या चार लोकं दारात येतील. माझ्या वासिफचं लग्न ठरतंय, पोरगी आमरीन कॉलेजला एकटी जाती. मला भीती वाटली आपा. लई भीती वाटली." ताहेरानं कांदा खाली ठेवला. "ती म्हणाली, बरोबर हाय खाला. चहा पिली, कप धुऊन ठेवला आणि गेली."

"आणि चौदा महिने तू माझ्या शेजारी बसून कांदे चिरतीस?"

"हौ."

"उठ," मी म्हणलं. "चालती हो इथनं. तोंड दाखवू नको."

ती उठली, हात धुतले आणि गेली. लीला मधी पडायला लागली, तिला पण मी बोलले, काय बोलले ते सांगण्यासारखं नाय. त्या दिवशी डबे उशिरा गेले, लोकांनी फोनवर शिव्या घातल्या. घालू देत म्हणलं.

दुपारभर मी एकटी बसले. ताहेराचा राग येत होता, पण तो राग काय जमंना मला नीट. तिला निदान दारात येणाऱ्या लोकांची भीती होती, घरात पोरगी होती. मला कशाची भीती होती? बायांच्या च्यक् च्यक्ची. आणि माझी पोर दोन्ही दारं बघून गेली. बरोबर हाय म्हणून गेली. कुणावर रागावली पण नाय ती, हेच मला सोसवंना.

रविवारी सकाळी सहाला दार वाजलं. ताहेरा. मी दार उघडलं. ती आत येऊन तिच्या पाटावर बसली. मी कांद्याची पाटी तिच्याकडं सरकवली.

कांदे सोलता सोलता ती म्हणाली, "वकीलबाईला माझं नाव सांग. तो हात मी पण बघितलाय. ती माझ्या घरी आली होती ते पण सांगीन."

"लोकं दारात येतील म्हणत होतीस ना?"

"येऊ देत आता."

लीला पोळी लाटता लाटता म्हणाली, "मी बी सांगीन." डबे गेल्यावर मी वकीलबाईला फोन लावून वळाचं सगळं आणि दोघींची नावं सांगितली. देवाचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाय.

सोमवारी कोर्टात मला पिंजऱ्यात उभं केलं. शिपाई म्हणाला, म्हणा, ईश्वराला स्मरून शपथ घेते. मी म्हणलं, "ईश्वर नाय मानत मी." त्याला रोजचंच असंल ते. म्हणाला, "मग प्रतिज्ञेवर खरं सांगते म्हणा." म्हणलं.

अतुल मागच्या बाजूला उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी एकदाच बघितलं.

वकीलबाईनं विचारलं तसं सगळं सांगितलं. मंगळवार, वळ, ओट्यावरचा डाग. मग त्याचा वकील उठला. पोक्त माणूस, आवाज एकदम गोड. "बाई, हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"लाज वाटली."

"कशाची लाज?"

"माझी."

तो हसला. "बघा बाई. तुम्ही आई. मुलीच्या अंगावर मार दिसतोय म्हणता. आणि दोन दिवसांत तिला त्याच नवऱ्याकडं पाठवता. कुठली आई असं करील? म्हणजे मार नव्हताच. मुलगी आनंदानं आली, आनंदानं गेली. आज तुम्ही रागापोटी हे रचून सांगताय. बरोबर ना?"

हीच जागा होती. व्हय म्हणलं असतं तर मी चांगली आई ठरले असते, आणि तो सुटला असता.

"मार होता," मी म्हणलं. "मी बघितला. कुठली आई असं करील विचारता ना? मी केलं. ती म्हणाली, आई, आणखी दोन दिवस राहू दे. मी म्हणलं, जा. पिशवी मी भरली, तिकिटाला पैसे मी दिले, गाडीत मी बसवलं. मी खोटं बोलत असते तर मला शोभंल असं काहीतरी बोलले असते, साहेब."

तो खाली बसला. न्यायाधीशांनी पाणी द्यायला सांगितलं.

निकाल काय लागायचा तो लागंल. ताहेराची आणि लीलाची साक्ष पुढच्या तारखेला घेऊ म्हणाले.

शेवटी टायपिंगवाल्या पोरीनं कागद वाचून दाखवला. "मयत मुलीच्या दंडावर मारहाणीचे वळ मी पाहिले. आणखी दोन दिवस राहू दे असे ती म्हणाली. मी तिला बसमध्ये बसवून दिले." एका दमात वाचलं, कुठं थांबली नाय. "बरोबर आहे का, मावशी?"

"एक राहिलं," मी म्हणलं. "गाडी सुटताना ती खिडकीतून म्हणाली होती, आई, पुढच्या मंगळवारी परत येऊ का? मी म्हणलं होतं, बघू. ते लिहा. बुधवारी मारलं तिला. मंगळवारी ये म्हणलं असतं तर ती इथं असती."

पोरगी न्यायाधीशांकडं बघायला लागली, मग माझ्याकडं. हळू आवाजात म्हणाली, "ते कुणी विचारलं नव्हतं ना, मावशी. इथं सही करा."

मी सही केली.