उतारावरच्या दोन खोल्या

पळी निम्मं रिंगण फिरून झाली होती आणि अजून तरी सगळे ‘चालेल’च म्हणाले होते.

पळी म्हणजे वस्तीच्या सामायिक स्वयंपाकघरातली साधी लाकडी पळी. सगळ्यांनी मिळून ही जमीन घेतली तेव्हा पहिल्या बैठकीत हाताशी तेवढीच होती म्हणे, तेव्हापासून तीच चालत आली. पळी ज्याच्या हातात त्याने बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. नवं माणूस कायमचं राहायला येणार असेल तर पळी प्रत्येकाच्या हातून जायची आणि एकाने जरी ‘नको’ म्हटलं तरी विषय तिथेच संपायचा. का नको, हे कुणी विचारायचं नाही. कारणं विचारली की वाद होतात आणि वादातून तट पडतात, हे वस्ती ठेच लागून शिकली होती.

आजचा विषय गवंडिणीच्या आईचा होता. मातीच्या भिंती उभारण्यात तिचा हात धरणारं वस्तीत कुणी नव्हतं, म्हणून सगळे तिला गवंडीणच म्हणत. उताराच्या कडेला तिने दोन खोल्या बांधल्या होत्या, एक स्वतःला आणि एक आईला. आई आठवडाभर राहून बघायला आली होती आणि तेवढ्यात तिने अर्ध्या वस्तीला कामाला लावलं होतं.

“चालेल,” म्हातारा पाववाला म्हणाला. “काल आजींनी माझ्या पावाला नावं ठेवली. आजवर कुणाची छाती झाली नव्हती. माणूस कामाचं आहे.”

सगळे हसले. गवंडीणही हसली. या बैठकीसाठी ती किती वर्षं वणवण फिरली होती, ते तिचं तिलाच माहीत. याआधी अशाच चार वस्त्यांमध्ये ती राहून आली होती. एक वस्ती भांडणात फुटली. दुसरीची जमीन मालकाने परस्पर विकली. तिसरीत विहीर खोल खोल गेली, पण पाणी काही लागलं नाही. चौथीतून ती आपणहून उठली, कारण तिथे सगळे समान होते, फक्त भांडी तेवढी बायका घासत होत्या. दर खेपेला बोचकं घेऊन ती भावाच्या दारात उभी राहायची. भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा, त्याच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. तीन जिने चढून ती धापा टाकत आली की तो म्हणायचा, “आलं का विंचवाचं बिऱ्हाड?” एवढं बोलून त्याचा दिवसाचा कोटा संपायचा.

आई मात्र तिला शेजारी बसवून घ्यायची आणि भाजी निवडता निवडता विचारायची, “मग? माझी खोली कुठवर आली?” मग गवंडीण वर्तमानपत्राच्या कडेला खोली काढून दाखवायची. ओसरी इकडे, सूर्य तिकडून. वहिनी घर सोडून गेल्यापासून भाऊ घरात आईशी ‘हं’च्या पलीकडे बोलत नव्हता. दुखऱ्या गुडघ्यांची आई तिसऱ्या मजल्यावर त्या ‘हं’सोबत अडकून पडली आहे, तिला तिथून सोडवायचं, एवढा एकच ध्यास गवंडिणीने घेतला होता.

पळी तिच्या हातात आली. “चालेल,” ती म्हणाली. शेवटची पाळी नव्याने राहायला येणाऱ्या माणसाची असे. तो नुसता उपचार होता. आईने पळी हातात घेतली आणि रिंगणाकडे एकदा नीट पाहून घेतलं.

“नको,” ती म्हणाली.

पाववाल्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बैठक चालवणाऱ्या बाईंनी पुढचा, कुंपणाचा, विषय काढला. नियम तो नियम. आदल्या दिवशी तो आईला गवंडिणीनेच समजावून सांगितला होता आणि आईने दोनदा विचारलं होतं, “म्हणजे अगदी कुणीच कारण विचारत नाही?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. वस्ती मागे पडली. शेवटी गवंडिणीला राहवेना.

“बसमध्ये नियम नाही. आता बोल. आवडलं नाही तुला?”

“फार आवडलं. म्हणून तर सगळ्यांसमोर सांगितलं. एकटीला सांगितलं असतं तर तू मला पटवलं असतंस. तुझ्यापुढं माझं काही चालतं का?”

“मी इतकी वर्षं कुणासाठी फिरले गं?”

“माझ्यासाठी म्हणू नकोस. लहानपणापासून तुझ्या पायाला भिंगरी. माझं नाव आपलं सोबतीला होतं.”

हे तिला झोंबलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. “मग खोली कुठवर आली, खोली कुठवर आली, असं विचारायचीस ते?”

“सांगताना तू बरी दिसायचीस,” आई म्हणाली. “तेवढा वेळ तरी.”

गवंडिणीला रडू फुटलं. पुढच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. आईने तिला रडू दिलं.

“आणि दादा तरी कुठं बोलतो तुझ्याशी?”

“नाही बोलत. पण मी घरात असले की घरी येतो. तुझी वहिनी गेली तेव्हा कितीतरी दिवस कामावरच झोपायचा; मी रात्री जेवायची थांबू लागले, तेव्हा यायला लागला. तू तिकडं विहीर खणत होतीस, तुला कशाला सांगू?” आईने तिचा मातीने फुटलेला हात मांडीवर घेतला. “तुझ्यापाशी चाळीस माणसं आहेत. त्याच्यापाशी मी आहे.”

तिसऱ्या मजल्यावर पोचायला आईला दोन ठिकाणी बसावं लागलं. दार भावाने उघडलं. दाराशीच आईचं सामान होतं: ट्रंक, बसायचं स्टूल, उशी, आणि औषधांचा डबा, तोही वर्तमानपत्रात गुंडाळलेला. सगळं जाड दोरीने एकत्र आवळलेलं.

“बांधून ठेवलंय,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “टेम्पो आणलाय का? नाहीतर मी बघतो. उशी वर ठेवली आहे, चेपायला नको.”

“टेम्पो कशाला?” आई त्याला ओलांडून आत गेली. “मी राहतेय इथंच.”

तो ‘हं’सुद्धा म्हणाला नाही. तो खाली उकिडवा बसला आणि दोरी सोडवू लागला. गाठी त्याने आपल्या कामातल्यासारख्या मारल्या होत्या, जन्मात सुटू नयेत अशा. गाठ हलत नव्हती. आत आईने नळ सोडला. भावाने तोंड भिंतीकडे करून डोळे पुसले.

उतारावरची दुसरी खोली रिकामी राहणार, हे गवंडिणीला बैठकीत कळलं नव्हतं आणि बसमध्येही नाही. आत्ता कळलं. ती पायातल्या चपलांसकट त्याच्या शेजारी बसली आणि दुसऱ्या बाजूने गाठ सोडवू लागली.