दोन मापट्यांचा अबोला

भांडण टबावरून झालं. टबावरून कुणी भांडतं का, असं तुम्ही म्हणाल. पण तो टब साधासुधा नव्हता. जाड काळ्या रबराचा, बसका, दोन माणसं आत मांडी घालून बसतील एवढा ऐसपैस. गाडीवानाच्या बायकोनं तो चादरी धुवायला म्हणून हौसेनं आणला होता. चौथ्याच दिवशी तिला त्यात चिखलाचं पाणी दिसलं, त्या पाण्यात घोडीचे दोन पाय दिसले आणि शेजारी शीळ घालत उभा असलेला नवरा दिसला.

"माझ्या टबात घोडीचे पाय धुता?"

"पायच धुतोय. तोंड नाही बुडवलं," गाडीवान म्हणाला.

"मग उद्यापासून बोलायचं तेही तिच्याशीच बोला."

"बोलेन की. ती मधे तोंड तरी घालत नाही!"

हे शेवटचं वाक्य त्यानं गिळायला हवं होतं. पण बाण सुटला तो सुटलाच. बायकोनं टब घासून भिंतीला उलटा टेकवला आणि घरात अबोला बसला.

घोडीचं नाव टिकली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. वीस घरांचं दूध सकाळ-संध्याकाळ तिच्या गाडीतून डेअरीत जायचं, आणि गाडीवानाचं घर त्या चार पायांवर उभं होतं. रोजची रीत ठरलेली. संध्याकाळी तो गाडी सोडायचा आणि कॅन धुवायला विहिरीवर जायचा. तेवढ्यात बायको टिकलीला मापटंभर चंदी, म्हणजे भरडलेलं धान्य द्यायची. तो येऊन विचारायचा, "दिलीस का चंदी?" आतून उत्तर यायचं, "दिली." लग्नाला अठरा वर्षं झाली होती, या दोन वाक्यांत कधी खंड पडला नव्हता.

आता अबोल्यात विचारणार कोण? पहिल्या संध्याकाळी गाडीवान विहिरीवरून आला तर गव्हाण चाटून लख्ख. टिकली त्याच्याकडे अशा केविलवाण्या नजरेनं बघत होती की त्याचं काळीजच हललं. 'म्हणजे माझा राग हिनं मुक्या जिवावर काढला,' असं म्हणत त्यानं मापटं शिगोशीग भरलं आणि गव्हाणीत ओतलं. तिकडे बायकोच्या मनात निराळंच. 'भांडण माणसांचं, त्यात त्या बिचारीचा काय दोष?' म्हणून तीही मापट्यावर दोन मुठी जास्तच टाकत होती. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ! आठ दिवस टिकली दोन्ही हातांची चंदी खाऊन तट्ट होती.

नवव्या सकाळी ती तबेल्यातून बाहेर पडेना. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन उभी. वळवायला गेलं की अंगणात निखारे पसरल्यासारखं पाऊल टाकायची.

"आखडली असेल," गाडीवान स्वतःशीच म्हणाला. "चार पावलं चालली की मोकळी होईल." त्यानं लगाम ओढला. टिकली कण्हली. असा आवाज त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्याच्या हातातून लगाम गळून पडला.

त्यानं नालबंदमामाला हाक मारली. मामा गल्लीच्या टोकाला राहायचा. साठी उलटली तरी जीभ चाकूसारखी. त्यानं खुरावर तळहात ठेवला. मग खुराच्या वर, पायाच्या मागच्या बाजूला दोन बोटं टेकवली आणि गाडीवानाला जवळ ओढलं.

"इथं बोट ठेव. काय लागतं?"

"धडधडतंय मामा."

"धडधडतंय ना? निरोगी घोड्याची इथली नाडी शोधता शोधता माणूस म्हातारा होतो. आणि तू तिला चालवत होतास? शहाणाच आहेस! एक पाऊल हलवू नकोस. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लाव."

"तोवर गरम पाण्यानं शेकू का?"

"खूर आधीच तापलेत आणि तू शेक देतोस! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, पण तू तर औषधच उलटं काढलंस."

डॉक्टरीणबाई तासाभरात मोटारसायकलवर आल्या. त्यांनी चारही खूर तपासले, ताप बघितला, इंजेक्शन दिलं आणि उकिडव्या बसूनच सांगितलं, "खुराच्या आत हाड असतं. ते खुराच्या भिंतीला नाजूक पापुद्र्यांनी चिकटलेलं असतं. आतला रक्तपुरवठा बिघडला, सूज आली, की ती पकड सुटायला लागते. सुटली तर हाड खाली सरकतं. मग ही गाडी ओढायची गोष्टच सोडा, नीट उभी राहणं कठीण."

गाडीवानाच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि आता?"

"आता सुरुवात आहे, म्हणून आशा आहे. चंदी किती देता?"

"संध्याकाळी एक मापटं."

दारात उभ्या बायकोनं मान वर केली. "डॉक्टरीणबाई, त्यांना विचारा, मापटं कोण देतं?"

"तिला सांगा, मी देतो. आठ दिवस झाले."

"त्यांना सांगा, अठरा वर्षं मी देते. आणि आठ दिवसांत एकदाही चुकलेली नाही!"

नालबंदमामानं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, मग टिकलीकडे बघितलं आणि मटकन खाली बसून पोट धरून हसायला लागला. "अरे, अति तिथे माती! नवराबायको तोंड मिटून बसली आणि हिनं तेवढं उघडं ठेवलं!"

"हसू नका मामा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण त्यांचेही ओठ हलत होते. "चंदी एकदम बंद. भिजवून निथळलेलं वाळलं गवत द्या. पायाखाली वीतभर वाळू. आणि पाय बर्फाच्या पाण्यात, नडगीच्या मध्यापर्यंत, तीन दिवस सतत. थंडाव्यानं आतली सूज आवरते. पण दोन पाय मावतील एवढं भांडं कुठून आणणार? आणि सगळीच घोडी त्यात पाय टाकत नाहीत, लाथेनं फोडतात."

गाडीवानानं भिंतीला टेकलेल्या टबाकडे बघितलं आणि घाईघाईनं नजर वळवली. मागायची त्याची छाती झाली नाही. मागावं लागलंच नाही. बायकोनं पदर खोचला, टब फरफटत आणून टिकलीच्या पुढ्यात ठेवला आणि पाणी ओतलं. टिकलीनं वास घेतला, एक पाय उचलून आत ठेवला, मग दुसरा. अगदी घरच्यासारखी!

"वा! हिला तर सवय आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"सवय कुणी लावली ते विचारू नका," बायको म्हणाली आणि इतक्या दिवसांनी नवऱ्याकडे सरळ बघून ओरडली, "बघत काय उभे राहिलात? बर्फ आणा!"

गाडीवानाला ती शिवी ओवीसारखी गोड लागली. तो धावतच सुटला.

तीन दिवस दोघांनी पाळ्या लावल्या. बर्फ फोडायचा, पाणी बदलायचं, मामाच्या सांगण्याप्रमाणे बोटं टेकवून नाडी बघायची. दूध थांबत नव्हतं, म्हणून गाडीवान हातगाडीवर कॅन चढवून स्वतःच ओढायचा. "टिकली रजेवर, मालक कामावर!" असं म्हणत पोरंसोरं टाळ्या पिटायची. "याला नाल कधी ठोकतोस मामा?" असं म्हाताऱ्या विचारायच्या. तो घामाघूम होऊन घरी यायचा आणि आधी टबाशी बसायचा.

चौथ्या सकाळी त्यानं बोटं टेकवली तर काहीच लागेना. घाबरून बायकोला हाक मारली. तिनं डोळे मिटून कितीतरी वेळ शोधलं.

"आहे. अगदी बारीक. खूरही गार पडलेत," ती म्हणाली आणि तिथंच, घोडीच्या गळ्यात तोंड खुपसून रडायला लागली. गाडीवानानं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याचेही डोळे भरले होते, पण त्याचं खापर त्यानं बर्फावर फोडलं.

पुढे महिने गेले. मामानं खूर कोरून निराळे नाल बसवले, डॉक्टरीणबाईंनी दोनदा खुरांचा एक्स-रे काढून हाड जागेवर असल्याचं सांगितलं. एके दिवशी टिकली दगडी गल्लीत झोकात वळली आणि रिकामी गाडी घेऊन डेअरीपर्यंत जाऊन आली. अख्खी गल्ली दारात उभी होती.

टब टिकलीचाच झाला. चादरींसाठी नवा आला, आणि त्यात एकदा गाडीवानानं बुटांसकट पाय बुडवले. झालं, पुन्हा अबोला! ताट आदळलं, दार आपटलं. पण संध्याकाळी विहिरीवरून येताना तो तबेल्याशी थांबला आणि फुगलेल्या गालांनीच ओरडला, "दिलीस का चंदी?"

"दिली!" आतून तेवढ्याच रागानं उत्तर आलं. "अर्धं मापटं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढंच."

मग दोघं पुन्हा गप्प झाले. टिकलीनं रिकामी गव्हाण एकदा चाटली, दाराकडे आशेनं बघितलं, कुणीच येत नाही असं दिसल्यावर नाकातून जोरात फुर्र केलं आणि निमूट गवताकडे वळली.