मावराची किंकाळी

अमेरिकेहून जहाजांनी तोफा आल्या, गोळे आले, आणि कहर म्हणजे खेचरंही आली. का, तर ग्रीसमध्ये कम्युनिस्टांना पाय रोवू द्यायचे नाहीत! लाम्ब्रोसला त्या परक्या खेचरांचा मनस्वी संताप येई. हाकेला ढिम्म हलत नसत.

गोळे वाहायला सैन्याने त्याला शेतातूनच उचललं होतं. त्याआधी कम्युनिस्ट बंडखोरांनी त्याचं खेचर मावरा नेलं होतं आणि सतरा वर्षांची लेक स्तामोही. विचारलं कुणीच नव्हतं.

त्या दुपारी खिंडीत चकमक झाली. पाच बंडखोर मेले आणि त्यांच्यामध्ये मावरा उभं सापडलं. लाम्ब्रोस मान फिरवून उभा राहिला, पण ते सरळ येऊन त्याचा खिसा हुंगू लागलं. तिथं नेहमी मीठ असे.

कप्तान हसला. "तुझंच की रे हे! मग हल्ली याला मीठ कोण चारतं?"

"मला काय ठाऊक, साहेब."

"मीठ चारणाऱ्या हाताकडे खेचर परत जातं. मीही डोंगरातलाच आहे, म्हाताऱ्या. सोडा रे खेचराला! तोफ घेऊन मागोमाग चला."

लाम्ब्रोसने कमरेची सुरी चाचपली. चार वर्षांची असल्यापासून स्तामोच मावराला तळहातावर मीठ चारत आली होती.

दरीपलीकडचे खडक दिसताच मावराने कान टवकारले. लाम्ब्रोस दोर सावरायच्या मिषाने धावला आणि त्याने मावराच्या गळ्यात सुरी खुपसली. सुरी तिरकी गेली. मावराने दरी दणाणेल अशी किंकाळी फोडली. लाम्ब्रोसने पुन्हा भोसकलं, पुन्हा. कोपरापर्यंत रक्त आलं तेव्हा कुठे ते कोसळलं.

कप्तानाने बंदुकीच्या दस्त्याने त्याचं तोंड फोडलं. तुटलेले दात थुंकत लाम्ब्रोस हसला. आता वाट दाखवणारं कुणी उरलं नव्हतं.

"मावरा! काय झालं गं बाई तुला?"

समोरच्या खडकांतून स्तामो धावत उतरत होती. बंदूक कुठेतरी टाकलेली, एक मूठ घट्ट मिटलेली. मावराचा आवाज ती हजारात ओळखायची. ही गोष्ट तिचा बापच विसरला होता.

"माघारी फीर, पोरी!" तो ओरडला. फुटलेल्या तोंडातून नुसतं रक्त आलं.

"तिथंच आहेत सगळे," कप्तान म्हणाला, आणि त्याने हात खाली केला.

तोफ धडाडली. धूळ बसली तेव्हा उतारावर कुणी नव्हतं. अमेरिकेची खेचरं जागची हललीही नाहीत. त्यांना तसं शिकवूनच पाठवलं होतं.