सुकरी काय म्हणाली

कॅमेऱ्याची चावी पूर्ण पिळून झाल्यावर बोधनकरांनी एक डोळा मिटला आणि हाताने खूण केली. मुखरूने सुकरीला तिच्या माडिया बोलीत सांगितलं, आता बोल.

सुकरी मोहाच्या झाडाखाली शेकोटीजवळ बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. दोन दिवस ती लांबून बघत होती. हा चष्मेवाला माणूस काय करतो, ते यंत्र कशासाठी, असं तिने गावातल्या बायकांना विचारलं होतं. हे यंत्र माणसाला उचलून शहरात नेतं आणि तिथले मोठे लोक त्याला बघतात, असं मुखरूनेच पहिल्या दिवशी सगळ्यांना समजावलं होतं. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन यंत्रासमोर येऊन बसली. मला शहरातल्या लोकांना एक गोष्ट सांगायची आहे, म्हणाली.

बोधनकर नागपूरचे. शाळेतली मास्तरकी सोडून, स्वतःच्या हिमतीवर, एकटेच हा कॅमेरा घेऊन चांदा जिल्ह्याच्या जंगलात फिरत होते. इथली माणसं कशी जगतात याचा खराखुरा चित्रपट करून गावोगाव दाखवायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. कोणाला उगीच नाचायला सांगत नसत, दागिने घालायला लावत नसत. जंगलखात्याच्या बंगल्याचा चौकीदार मुखरू त्यांचा दुभाष्या झाला. मुखरू मूळचा मूल गावाकडचा. पण बंगल्यावर बारा वर्षं काढल्याने माडिया त्याला चांगलं येत होतं.

सुकरी बोलू लागली. आवाज चढला नाही. तिचा नवरा डोमा तीन वर्षांपूर्वी ठेकेदाराच्या लाकूडतोडीवर गेला. त्याला ताप होता, तरी नेला. तो परत आला नाही. लोक म्हणाले, बस्तरकडे पळाला. तो पळणारा माणूस नव्हता. मेला असेल तर त्याच्या नावाचा दगड मला आमच्या मेलेल्यांच्या दगडांच्या रांगेत उभा करायचा आहे. पण कोणी मेला म्हणत नाही, म्हणून दगड उभा करता येत नाही. आणि मग ती मुखरूकडे बघून म्हणाली, "त्याला बोलवायला हा माणूस आला होता. उद्या संध्याकाळी परत येईल, असं यानेच मला सांगितलं होतं."

अर्ध्या मिनिटात चावी संपली. बोधनकर परत चावी पिळू लागले. सुकरीला त्यातलं काही कळत नव्हतं, ती बोलतच राहिली. तीनदा चावी पिळून झाल्यावर ती थांबली, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि घरी गेली.

बोधनकरांनी वही काढली. काय म्हणाली, म्हणून विचारलं.

शेकोटीतलं एक लाकूड मुखरूने पायाने आत सारलं. "कोसरीच्या पिकाचं सांगून राह्यली होती, साहेब. औंदा कोसरी चांगली झाली म्हनते. नवी कोसरी खायाच्या आंधी सन करतेत, त्याचं."

"मग डोळ्यांत पाणी का होतं?"

"धूर होता ना."

बोधनकरांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि लिहून घेतलं.

तो कॅमेरा मुका होता. चेहरा नेत असे, आवाज नेत नसे. हे बोधनकरांनी मुखरूला आधीच सांगितलं होतं, सुकरीला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, आपलं बोलणं शहराकडे निघालं. ते गेलं होतं फक्त मुखरूच्या कानात.

त्याला तो दिवस नीट आठवत होता. ठेकेदाराच्या दिवाणजीने मुखरूला मजूर आणायला सांगितलं, कारण गावाची बोली त्यालाच येत होती. डोमा घोंगडी पांघरून बसला होता. एक दिवसाचं तर काम, असं म्हणून मुखरूने त्याला उठवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीत चढवताना सागाचा ओंडका घसरला. डोमा त्याच्याखाली सापडला आणि ओरडलाही नाही. चौकशी होईल म्हणून दिवाणजी घाबरला. नाल्याकाठच्या येनाच्या झाडाखाली त्याने खड्डा खणायला लावला. खणणाऱ्या दोघांत एक मुखरू होता. बस्तरकडे पळाला, हे गावात जाऊन सांगणाराही तोच.

पुढे ठेका संपला, ठेकेदार दिवाणजीसकट दुसऱ्या मुलखात गेला, दुसरा खणणारा माणूस तापाने मेला. आता ही गोष्ट इथे मुखरूखेरीज कोणाला माहीत नव्हती. तीन वर्षं त्याने ती दाबून ठेवली होती. सुकरी यंत्रासमोर बसली त्या दिवसापासून मात्र ती दबेना. बंगल्याच्या काचा पुसताना, कंदिलात तेल भरताना तिचे हलणारे ओठ त्याच्यासमोर येत. पानांवर कोणाचं पाऊल वाजलं की तो वळून बघे. एका सकाळी बायको रंभा म्हणाली, "झोपेत तुमी माडियात बोलता. मले काईच समजत नाई. कोनाशी बोलता?"

चैत्रात बोधनकरांचं पत्र आलं. चांद्याला शाळेत चित्रपट दाखवायचा आहे, तू ये. मुखरूला जायचं नव्हतं. तरी तो मोटारीत बसला.

भर दुपारी शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला होता. दीडशे माणसं असतील. चित्र हलू लागलं. बोधनकर पडद्याशेजारी टॉर्च धरून वहीतलं वाचत होते. नदी आली, डोंगर आला, बांबूची घरं आली. आणि सुकरी आली, पडद्याएवढी. मुखरूने तिचं तोंड इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. ओठ हलत होते. बोधनकर वाचत होते, की यंदा कोसरी चांगली पिकली, नवं धान्य खाण्याआधी हे लोक सण करतात, त्या आनंदाची कहाणी ही बाई सांगते आहे. समोरच्या बाकावरच्या बाया कौतुकाने हसल्या. मुखरूला मात्र त्या मुक्या पडद्यातून तिचा आवाज ऐकू येत होता, एकेक शब्द. मग तिने मान वळवली. त्या दिवशी तिने कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या मुखरूकडे पाहिलं होतं. आज अंधारात बसलेल्या मुखरूला वाटलं, ती दीडशे माणसांतून आपल्याला शोधते आहे.

लोक गेल्यावर बोधनकर पडदा गुंडाळत होते. मुखरूने दुसरं टोक धरलं.

"साहेब, ते बाई कोसरीचं बोलली नव्हती."

बोधनकर थांबले. मुखरूने सगळं सांगितलं, खड्ड्यापर्यंत. बोधनकर बाकावर बसले. घोंगड्या अजून काढायच्या होत्या, त्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा जमिनीवर पडल्या होत्या.

ते म्हणाले, "नागपूर, वर्धा, अमरावती. सगळीकडे मी कोसरीच वाचली." मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मला तेव्हाच दिसलं होतं, मुखरूभाऊ. सणाचं सांगताना माणसाचं तोंड तसं होत नाही. पण तुझं उत्तर मला सोयीचं होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

त्यांनी वहीचं ते पान काढून टाकलं आणि ती काय म्हणाली ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. मुखरूच्या नावाशी त्यांचा हात थबकला.

"लिवा," मुखरू म्हणाला.

पुढच्या वेळेपासून हेच वाचीन, असं बोधनकर म्हणाले. पण आधी तिला सांग, पहिला हक्क तिचा.

घरी येऊन त्याने रंभाला सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. त्याच्याकडे तिने पाहिलं नाही. भाकर काढून ठेवली आणि म्हणाली, "नोकरी गेली तं मूलले जाऊ. गिरनीत काम भेटते. पन तुमी उद्याच जा." नोकरी पुढे गेलीच. त्याने ठाण्यात जाऊन जबानी दिली, ठेकेदार काही सापडला नाही. पण ते सगळं नंतरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकरी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. मुखरू तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि तिच्या बोलीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगत गेला. तिचा हात फुलं पसरत होता. त्याचं सांगणं संपलं तेव्हाही तो हात फिरत होता. तो मेला हे ऐकून ती दचकली नाही. ते तिला तीन वर्षं ठाऊक असावं.

"किती लांब?" एवढंच तिने विचारलं.

डोमाचा धाकटा भाऊ लालसू कुऱ्हाड घेऊन घरातून बाहेर आला. त्याने सगळं ऐकलं होतं. तिघं निघाले. वाट मुखरूलाच माहीत, म्हणून पुढे तो. मागे लालसूची पावलं वाजत होती. मुखरूने वळून पाहिलं नाही. कुऱ्हाड पडायची असेल तर पडू दे, असं त्याच्या मनात आलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचे पाय हलके पडले.

येनाचं झाड तिथेच होतं. खाली गवत माजलं होतं. जमीन एका जागी किंचित खचलेली होती. बघणाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं. लालसू गवत तोडू लागला. तोडता तोडता त्याने कुऱ्हाड बाजूला टाकली आणि हातांनीच उपटू लागला.

"डोकं कोणत्या बाजूला?" सुकरीने विचारलं.

मुखरूने झाडाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं.

ती त्या बाजूला जाऊन बसली. पदराला बांधून आणलेली मूठभर मोहफुलं तिने पानावर ठेवली. मुखरूला वाटलं, आता ती आपल्याला काही म्हणेल. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खाली वाकली आणि हळू आवाजात डोमाशी बोलू लागली. धाकटी लेक नाल्यापलीकडच्या गावात दिली. जावई बरा आहे. काळा बैल वाघाने नेला. मागच्या पावसाआधी घर पुन्हा शाकारलं, लालसूने बांबू आणले. तुझी घोंगडी अजून ठेवली आहे.

ऊन चढलं तरी तिचं सांगणं चालू होतं. मुखरू नाल्याच्या काठावर हात बांधून उभा होता. त्याला शब्दन् शब्द कळत होता. अर्थ विचारणारं तिथे कोणी नव्हतं.