आबांच्या डोळ्यातली चकती

खुटबावच्या सावळारामआबांना जवळचं दिसेनासं झालं त्याला सहा वर्षं झाली, आणि सोजराबाईंचं राज्यही बरोबर सहा वर्षांचं. चष्मा म्हणजे म्हातारपणाचा दाखला, असं आबांचं मत. तेव्हा रोज चहाबरोबर पेपरातलं वृश्चिक राशीचं भविष्य बायकोच वाचून दाखवायची. छापलंय काय, याच्याशी ती स्वतःला फारसं बांधून घेत नसे. 'पत्नीच्या सल्ल्याने कार्यसिद्धी' महिन्यातून दोनदा. 'सासुरवाडीकडून लाभ' माहेरची, केंदूरची जत्रा जवळ आली की हमखास. आबांचा भविष्यावर भारी विश्वास. ते खरं ठरायचं. ठरणारच.

पण दौंडच्या फिलिप सरांनी लेझर करून चष्मा सोडला, आणि आबांनी पुणं गाठलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लेझरनं बुबुळावरचा पारदर्शक पडदा कोरावा लागतो. तुमचा मुळात पातळ. त्यापेक्षा एका डोळ्याच्या पडद्यात बारीक चकती बसवू. तो जवळचं बघेल, दुसरा लांबचं."

सोजराबाई घाबरल्या, पण डोळ्यासाठी नव्हे. "अवो, मी हाय की वाचायला."

"घसा बसंल तुझा," आबा म्हणाले आणि चकती बसवून आले.

नेमकं त्याच आठवड्यात केंदूरला सोजराबाईंच्या भाचीचं, अनुपमाचं लग्न. साखरपुड्याला आबांना फेटा बांधायचा राहिला, म्हणून आबांनी फर्मान काढलेलं: मी येणार न्हाई, तूबी जायचं न्हाई. सोजराबाईंची सगळी भिस्त भविष्यावर. आणि बुधवारी सकाळी पेपर आबांनीच उचलला.

सोजराबाईंनी तो दारातच चोरून वाचला होता. 'प्रवास टाळावा. नातेवाइकांशी मतभेद.' त्यांचं चहा गाळणं थांबलं.

आबांनी घसा खाकरला. "वृश्चिक. घरात मटणाचा रस्सा झाल्यास धनलाभ."

सोजराबाई काय समजायचं ते समजल्या. असं छापलेलं नाही म्हणावं, तर काय छापलंय तेही सांगावं लागेल.

"कोण लिवतंय असलं?"

"सहा वर्षं जे लिवतंय, तेच."

सोजराबाईंनी गाळणी ठेवली, पेपर ओढून घेतला. "अर्धंच वाचलंय तुम्ही. फुडं हाय, रस्सा केंदूरच्या हळदीत जेवावा."

"केंदूर छापलंय?"

"बारीक हाय."

"बारीकच दिसतंय मला आता. आण इकडं." आबांनी एक डोळा मिटला. "मेव्हण्यानं स्वतः फोन करावा, असंबी हाय."

"करंल की."

"आन् पहिला फेटा आमाला."

"रंग कुठला?"

"रंग छापला न्हाई."

सोजराबाई आत गेल्या. भावाला फोन लावून हळूच म्हणाल्या, "विश्वजीत, दाजींच्या राशीत तुझा फोन हाय. आत्ता लाव. आन् फेट्याचं तूच काढ."

बाहेर आबांचा मोबाईल वाजला. त्यांनी नाव वाचलं, स्वतः, हात न लांबवता. मानाच्या चार रिंगा होऊ दिल्या.

"बोला पाव्हणं. न्हाई, न्हाई, राग कसला?"

तोवर सोजराबाईंनी फळीवरची बॅग खाली काढली होती.